प्रथम वर्षाचा उंबरठा आणि सहाध्यायांचा आधार

पाठशाळेत नवा विद्यार्थी दाखल झाला म्हणजे गुरुजी त्यास प्रथम एखाद्या वडील विद्यार्थ्याच्या हाती सोपवितात. संथा गुरुजींची; परंतु तिची आवृत्ती करून घेणे, उच्चार सुधारणे, कोणता ग्रंथ कोणत्या क्रमाने लावावा हे सांगणे आणि घरच्या आठवणीने पोर हिरमुसले तर त्यास पंगतीस नेऊन बसविणे, ही सारी कामे त्या वडील विद्यार्थ्याची. ही व्यवस्था इतकी जुनी व इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिला निराळे नाव देण्याची गरज कोणास भासली नाही. आधुनिक महाविद्यालयांत मात्र ती बहुधा नसते. तेथे सतरा-अठरा वर्षांचे मूल फी भरून व वेळापत्रक उतरवून घेऊन शे-दोनशे अनोळखी डोक्यांच्या मागे बाकावर बसते, आणि पुढे त्याचे काय झाले याची वार्ता परीक्षेचा निकाल लागल्यावरच कळते.

त्या निकालाने पहिल्याच वर्षी जी मुले गळून पडतात ती बुद्धीने उणी असतात की आधाराने उणी असतात, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही विद्यापीठांनी विचारला. त्याचे उत्तर शोधताना त्यांच्या हाती काय आले, याचा वृत्तांत प्रस्तुत लेखात द्यावयाचा आहे. विषय परदेशीय आहे खरा. तथापि या ग्रंथाच्या वाचकांपैकी ज्यांची मुले मराठी शाळेतून निघून पणजी, बेळगाव, इंदूर वा बडोदे येथील महाविद्यालयात इंग्रजी व्याख्यान ऐकावयास बसली आहेत, त्यांस तो अगदीच परका वाटणार नाही.

अपुऱ्या तयारीच्या विद्यार्थ्यांची चिंता अमेरिकेस नवी नव्हती. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १८४९ साली जो पहिला वर्ग उघडला, तोच मुळी पूर्वतयारीचा होता. हार्वर्डसारख्या मानी विद्यापीठासही १८७० नंतरच्या दशकात प्रवेशेच्छूंचे इंग्रजी लेखन पारखून घेण्यासाठी प्रवेशपरीक्षेत निबंध घालावा लागला. या साऱ्या उपायांच्या बुडाशी एकच कल्पना होती, ती अशी की, उणीव विद्यार्थ्यात आहे. ती आधी भरून काढावी, मग त्यास आत घ्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४४ च्या कायद्याने परत आलेले सैनिक लाखांच्या संख्येने महाविद्यालयांत आले. पुढे १९६० नंतर नागरी हक्कांच्या चळवळीने कृष्णवर्णीय व गरीब घरांतील मुलांसाठी दारे उघडली, तेव्हा ही कल्पना पुरी पडेनाशी झाली. दारे उघडली, पण आत आलेले मूल टिकेना.

१९७० च्या मे महिन्यात साउथ कॅरोलायना विद्यापीठात विद्यार्थ्यांचा क्षोभ इतका विकोपास गेला की, अध्यक्ष टॉमस जोन्स यांस आपल्याच कार्यालयात अडकून पडावे लागले. अशा प्रसंगानंतर बहुतेक अधिकारी पोलिसांची संख्या वाढवितात. जोन्स यांनी मात्र विचार केला की, ज्या विद्यार्थ्यांचा विद्यापीठावर विश्वासच बसलेला नाही त्यांस तो बसविण्याची जागा पहिले वर्ष हीच होय. त्यातून १९७२ साली 'युनिव्हर्सिटी १०१' नावाचा अभ्यासक्रम निघाला. त्यात लहान वर्गात एक शिक्षक नव्या विद्यार्थ्यांस विद्यापीठाची, तेथील ग्रंथालयाची, परीक्षांची व एकमेकांची ओळख करून देत असे. १९७४ पासून जॉन गार्डनर यांनी पंचवीस वर्षे तो चालविला आणि 'प्रथम वर्ष' हा विद्याभ्यासाचा एक स्वतंत्र विचारविषय आहे हे देशभर पटविले. हे कार्य लहान नव्हे. तरीही मला वाटते की, घराची ओळख करून देणे निराळे आणि त्या घरात राहावयास शिकविणे निराळे. पुढील काळात अनेक ठिकाणी या कल्पनेचा नुसता स्वागतसमारंभ झाला.

न्यूयॉर्कची गोष्ट याहून खोल आहे. त्या शहराच्या विद्यापीठाचे मूळ १८४७ साली गरीब मुलांसाठी स्थापन झालेल्या एका विनाशुल्क संस्थेत आहे. १९६९ च्या वसंतात तेथील सिटी कॉलेजमध्ये कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी आवार ताब्यात घेतले आणि त्याचे फळ म्हणून १९७० पासून शहरातील शालान्त उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास विद्यापीठात प्रवेश मिळू लागला. त्या एका वर्षी सुमारे ३५,००० नवे विद्यार्थी आले. त्यांचे निबंध पाहून अनेक प्राध्यापक हताश झाले. अशा वाक्यांस कोठून हात लावावा हेच त्यांस समजेना, आणि कित्येकांनी ही मुले शिकण्यास अपात्र आहेत असा निर्वाळाही देऊन टाकला.

लेखनवर्गांची व्यवस्था पाहणाऱ्या मिना शॉनेसी या विदुषींनी तसे केले नाही. १९७० ते १९७४ या काळात नवागतांनी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध त्यांनी घेतले आणि त्यांतील चुका एखाद्या वैयाकरणाच्या चिकाटीने वाचल्या. १९७७ साली त्यांचा 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दाखविले की, या चुका आळसाच्या नाहीत, बुद्धिहीनतेच्या तर नाहीतच; बहुतेक चुकांमागे काहीतरी नियम आहे. कोठे बोलण्यातले रूप लेखनात उतरले आहे. कोठे अर्धवट कळलेला नियम जेथे लागू नये तेथेही लावला आहे. 'येथे स राहून जातो' अशी ताकीद वारंवार मिळालेला विद्यार्थी पुढे नको तेथेही स जोडू लागतो. व्याकरण शिकविणाऱ्या कोणासही हे नित्याचे वाटेल. नवा विद्यार्थी संधी शिकतो तेव्हा चार दिवस तो दिसेल त्या दोन स्वरांचा संधी करीत सुटतो. ही चूक म्हणजे अज्ञानाची खूण नव्हे, ज्ञानाने नुकतेच मूळ धरल्याची खूण होय. शॉनेसी यांचा मोठेपणा असा की, ज्या वहीवर इतरांनी तांबडी शाई ओतली ती वही त्यांनी वाचली. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, त्यांचे निधन झाले. त्याआधी १९७६ मध्ये शहराचे दिवाळे निघण्याची वेळ येऊन विद्यापीठाचे विनाशुल्क शिक्षणही संपले होते.

आता बर्कले येथील हकिकतीकडे वळतो. या साऱ्या इतिहासात माझ्या मते ती सर्वांत बोधप्रद आहे, म्हणून तीवर थोडे अधिक थांबतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत पहिल्या वर्षाचे कलनशास्त्र, म्हणजे ज्यास आपली मुले कॅल्क्युलस म्हणतात ते, ही विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक यांची जणू वेसच होय. तेथून आत गेल्याविना पुढे वाट नाही. १९७५ च्या सुमारास असे दिसून आले की, मागील दहा वर्षांत पहिल्या सत्राचे कलनशास्त्र पुरे करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी शंभरात साठांस डी वा एफ श्रेणी मिळाली होती, म्हणजे ते जवळजवळ वा पूर्णतः अनुत्तीर्ण झाले होते. ही मुले ऐरीगैरी नव्हती. आपापल्या शाळांत ती अग्रगण्य होती. त्यांतील कित्येकांच्या नावे शाळेचा पहिला क्रमांक होता. अधिक चमत्कारिक गोष्ट अशी की, प्रवेशपरीक्षेत गणिताचे गुण ज्यांचे सर्वांत चांगले, तेही पुष्कळदा लवकर कोसळत.

युरी ट्राइसमन हे तेव्हा तेथे गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. त्यांनी प्राध्यापकांस विचारले की, याचे कारण काय असावे? उत्तरे साधारण चार प्रकारची आली. या मुलांत शिकण्याची ओढ कमी आहे. त्यांची शालेय तयारी कच्ची आहे. घरच्यांस शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. घरची गरिबी आड येते. ही उत्तरे देणारे लोक दुष्ट नव्हते, उलट सहानुभूती बाळगणारेच होते. परंतु या चौघांपैकी एकाही उत्तरासाठी कोणी विद्यार्थ्याच्या खोलीत जाऊन पाहिले नव्हते. ट्राइसमन यांनी ते केले. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे अमेरिकन विद्यार्थी त्यांनी निवडले व सुमारे दीड वर्ष ते त्यांच्या मागे राहिले. ती मुले कोठे बसतात, काय वाचतात, किती वेळ लिहितात, कोणाशी बोलतात, हे त्यांनी पाहिले, चित्रफितीवर टिपले, आणि त्यांच्या घरच्या माणसांचीही माहिती घेतली.

चारही उत्तरे खोटी ठरली. ओढ कमी म्हणावी तर ही मुले मोठ्या कष्टाने तेथवर आलेली. घरच्यांस पर्वा नाही म्हणावे तर अनेक आईबापांनी मूल जन्मण्यापूर्वीच त्यास महाविद्यालयात घालण्याचा निश्चय केलेला. मग अंतर पडले कोठे?

व्याख्यानाच्या एका तासामागे दोन तास अभ्यास करावा असे प्राध्यापक सांगत. कृष्णवर्णीय मुले ती आज्ञा अक्षरशः पाळीत. आठवड्याला चार तास वर्ग, त्यामागे आठ तास अभ्यास. दार लावून, एकट्याने. वीसांपैकी अठरा जण एकटेच अभ्यास करीत. मित्र होते, पण ते गप्पांचे. अभ्यास व स्नेह यांच्या दोन निराळ्या खोल्या त्यांनी मनात बांधल्या होत्या. लहान गावातून वा गरीब वस्तीतून वर आलेल्या हुशार मुलास या दोन खोल्या कराव्या लागतात, कारण शाळेत त्याच्या बरोबरीने अभ्यास करणारा कोणी नसतो. एकट्याने अभ्यास करणे हेच त्याच्या यशाचे साधन झालेले असते. बर्कलेत तेच साधन त्यास घातक ठरले. एखादे उदाहरण सुटेना तर ते कठीण आहे की आपण मंद आहोत, हे त्यास कळावयास मार्गच नसे, आणि बहुधा तो दुसरा अर्थ घेई.

चिनी मुले आठवड्याला चौदा तास देत. त्यांतील आठ-दहा तास एकट्याने, उरलेले मंडळीत. संध्याकाळी चार-सहा जण एकत्र येत, मिळून स्वयंपाक करीत, जेवण होता होता वह्या पुढे येत. सर्वांचे उत्तर ब्याऐंशी आणि एकाचे पाय, असे झाले म्हणजे त्या एकास आपली चूक तत्काळ कळे व ती कोठे झाली हेही दुसऱ्याकडून समजे. कोणासच उत्तर आले नाही तर उदाहरणच अवघड आहे हे सर्वांस कळे आणि कोणी स्वतःला दोष देत नसे. एकमेकांचे इंग्रजीही ते दुरुस्त करीत. एखाद्याचा वडील भाऊ किंवा चुलत भाऊ येऊन त्यांची परीक्षा घेई. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका ते सोडवीत. त्यामुळे परीक्षेपूर्वीच प्रत्येकास आपण कोठे उभे आहोत याची पक्की कल्पना असे. आपल्याकडे ज्यास चिंतनिका म्हणतात, तिचेच हे रूप नव्हे काय? विद्येचा चौथा हिस्सा सहाध्यायांकडून मिळतो असे सांगणारे एक सुभाषित पाठशाळेत बहुतेकांस मुखोद्गत असते. पण त्याचा असा हिशेब कोणी मांडून दाखविला असेल असे मला वाटले नव्हते.

विद्यापीठात मदतीची व्यवस्था नव्हती असे नाही. कच्च्या विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्ग होते, शिकवण्या होत्या. पण ही मुले तेथे फिरकत नसत. ज्याने आजवर इतरांस शिकविले त्याने 'कच्च्यांच्या वर्गा'च्या दारात पाऊल कसे टाकावे? येथे अभिमानाचा दोष काढणारे काढोत. मला तो अभिमान दोषास्पद वाटत नाही. जे मूल केवळ आपल्या बुद्धीच्या भरवशावर घर सोडून आले, त्याच्या कपाळी आपण प्रथम 'कच्चा' असा शिक्का मारावा आणि मग ते मदत घेत नाही म्हणून रुसावे, हा न्याय कोणता?

तर्कशास्त्र व गणित यांचे प्रख्यात पंडित लिऑन हेंकिन तेथे प्राध्यापक होते. अशा विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापकांनी चालविलेल्या कार्यात त्यांचा पुढाकार होता. त्या कार्याच्या आश्रयाने १९७८ साली ट्राइसमन यांनी कार्यशाळा सुरू केली. तिचे नाव उपचाराचे नव्हते, प्रावीण्याचे होते. 'तुम्ही हुशार आहात म्हणून तुम्हांस बोलावले आहे', हे आमंत्रणाचे शब्द आणि ते खरेही होते. पाच-सात जणांच्या गटापुढे नेहमीच्या वर्गातील उदाहरणांहून कठीण उदाहरणे ठेवीत. प्रथम ज्याने त्याने एकट्याने झुंजावे, मग एकमेकांस समजावून द्यावे. देखरेख करणारा मोठा विद्यार्थी उत्तर सांगत नसे, तो प्रश्न विचारी. कठीण उदाहरण हीच या योजनेची कळ होती, कारण जे एकट्यास सहज सुटते त्यासाठी कोणी शेजाऱ्याकडे वळत नाही. कार्यशाळेतील कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाचे विद्यार्थी कार्यशाळेबाहेरील आपल्या बांधवांच्या पुढे गेलेच. वर्गातील गोऱ्या व आशियाई विद्यार्थ्यांच्याही पुढे गेले. प्रवेशपरीक्षेत गणितात सहाशेच्या थोडे वर गुण मिळविलेली मुले साडेसातशेच्या आसपास गुणांच्या मुलांबरोबर चालू लागली. पुढे ट्राइसमन टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेत गेले आणि त्यांची पद्धती इतर अनेक विद्यापीठांनी उचलली. जेथे केवळ गटाने बसणे उचलले व उदाहरणे सोपी केली, तेथे ती पद्धती नावापुरतीच राहिली असे मी म्हणेन.

याच सुमारास मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डीॲना मार्टिन या बाईंनी तीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडविली. १९७३ साली ७,००० डॉलरांच्या छोट्या देणगीवर त्यांनी वैद्यक, दंतवैद्यक व औषधनिर्माण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काम आरंभिले. मग ते सर्व विद्यापीठात पसरले. त्यांनी विद्यार्थी कच्चा की पक्का हा प्रश्नच बाजूस सारला व शिक्का विषयावर मारला. ज्या विषयात शंभरापैकी तीस वा अधिक विद्यार्थी डी, एफ मिळवितात किंवा मध्येच विषय सोडतात, तो विषय दुर्घट. त्या विषयास बसलेल्या सर्वांस, पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यासही, मदतीचे दार उघडे. ज्याने मागील वर्षी तो विषय उत्तम रीतीने पार केला, असा एक विद्यार्थी मानधनावर नेमीत. तो सर्व व्याख्यानांस पुन्हा बसे, टिपणे घेई आणि आठवड्यातून तीनेक वेळा सर्वांस एकत्र बसवून त्या टिपणांवर चर्चा घडवून आणी. त्याने पुन्हा व्याख्यान देऊ नये असा दंडक होता. या पद्धतीस 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन', म्हणजे पूरक अध्यापन, असे नाव पडले. १९८१ साली अमेरिकेच्या शिक्षणखात्याने तिला अनुकरणीय ठरविले आणि पुढे ती ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेली.

येथे एक आडवळण घेतो. वडील विद्यार्थ्याने धाकट्यास शिकवावे हा प्रकार पाश्चात्त्यांनी एकदा भरतखंडातूनच उचलला होता. १७८९ साली मद्रासजवळ एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाचा कारभार अँड्र्यू बेल नावाच्या पाद्रीसाहेबांकडे आला. देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवून शिकताना त्यांनी पाहिली. पंतोजींनी ऐकले नाही म्हणून एका मोठ्या मुलाकडून तसेच शिकवून घेतले. आणि १७९७ मध्ये लंडनला त्याचा वृत्तांत छापला. इंग्लंडात ती 'मद्रास पद्धती' म्हणून गाजली. परंतु बेलसाहेबांचा मोठा मुलगा घोकून घेई आणि मार्टिनबाईंचा मोठा विद्यार्थी घोकावयास मनाई करी, हा फरक विसरता येत नाही.

चिकित्सक वाचक या ठिकाणी शंका घेईल. कार्यशाळेस वा पूरक वर्गास जो आपण होऊन येतो, तो मुळातच अधिक उत्साही असणार. मग यश वर्गाचे की उत्साहाचे? ही शंका अमेरिकेतही अनेकांनी काढली आणि ती खोडून काढणे सोपे नव्हते. न्यूयॉर्कच्याच विद्यापीठाने तिला उत्तर दिले. १९९९ साली वरिष्ठ महाविद्यालयांतून उपचारात्मक वर्ग बंद करण्याचा निर्णय घेणारे तेच ते विद्यापीठ. २००७ साली त्याने आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत 'एसॅप' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी योजना आरंभिली. एमडीआरसी या संशोधनसंस्थेने तीन महाविद्यालयांतील गरीब घरच्या ८९६ विद्यार्थ्यांस चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन भागांत विभागले. एका भागास योजना, दुसऱ्यास नेहमीची व्यवस्था. त्यामुळे उत्साही व निरुत्साही दोन्हीकडे सारखेच पडले. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत पदविका मिळविणारे योजनेत शंभरात ४०, नेहमीच्या व्यवस्थेत २२. दर विद्यार्थ्यामागे खर्च पुष्कळ वाढला, पण दर पदविकेमागे तो उतरला. पुढे ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांत हाच प्रयोग केला, तेव्हा ३५ विरुद्ध १९ असा निकाल आला.

या योजनेत एकही अलौकिक गोष्ट नाही. पूर्ण वेळ शिकण्याची अट, फीमधील तूट भरून देणे, पाठ्यपुस्तके फुकट, योजनेतील विद्यार्थी एकत्र बसतील असे वर्ग, शिकवणी. नेहमीच्या व्यवस्थेत एका सल्लागाराकडे सहाशे ते पंधराशे विद्यार्थी असत. येथे साठ ते ऐंशी, म्हणजे नावाने ओळखता येतील इतकेच. आणि शहरातील आगगाडी व बस यांचा महिन्याचा पास. हा पास टपालाने पाठवीत नसत. योजनेच्या गाठीभेटी व शिकवणी ज्याने चुकविली नाही, त्यास तो मिळे. त्यामुळे विद्यार्थ्यास सल्लागाराचे दार नेमाने ठोठवावे लागे आणि अभ्यास कसा चालला आहे या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे.